मँगोस्टीन, रामबुतान आणि आपले आठ कोरडे महिने: ठाणे-नवी मुंबईत या चुका टाळा

सिंगापूरमध्ये वर्षाला सरासरी २,११३ मिलिमीटर पाऊस पडतो आणि ठाण्यात साधारणपणे त्याहून अधिकच पडतो. उष्णता दोन्हीकडे आहे, समुद्र दोन्हीकडे जवळ आहे आणि नारळ दोन्हीकडे सुखाने उभा आहे. एवढे पाहून मँगोस्टीन किंवा रामबुतान ही तिकडची फळझाडे आपल्या अंगणातही सहज रुजतील असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि पहिली चूक नेमकी तिथेच होते. सिंगापूरचा तो पाऊस वर्षातल्या सरासरी १७१ दिवसांत वाटला गेलेला असतो आणि तिथे कोणताही महिना पूर्ण कोरडा जात नाही. आपल्याकडे मात्र जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेले आठ महिने झाडाला आकाशातून म्हणावे असे काहीच मिळत नाही. वर्षाची बेरीज सारखी असली, तरी झाड बेरजेवर जगत नाही.

नेरुळमध्ये आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात आणि गच्चीवरच्या मोठ्या कुंड्यांत गेली चौदा वर्षे मी ही झाडे वाढवत आहे. त्यांतली बरीच गेली, काही जगली आणि थोड्यांनी फळे दिली. प्रत्येक रोपाची लागवड, खत आणि मरण यांच्या तारखा मी वहीत लिहून ठेवते. काही वर्षांपूर्वी ती वही सलग वाचली, तेव्हा असे दिसले की गेलेली बहुतेक झाडे दोनच काळांत गेली होती: जुलै-ऑगस्टमध्ये, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. थंडीने गेलेले एकही नव्हते. तरीही तोपर्यंत माझी सगळी काळजी थंडीचीच होती, कारण या झाडांविषयीचे इंग्रजी लिखाण बहुतांशी फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी केलेले आहे आणि त्यांचा खरा शत्रू हिवाळ्यातला दहिवर गोठवणारा गारठा हा आहे. आपला शत्रू वेगळा आहे आणि तो वर्षातून दोनदा, दोन वेगळ्या रूपांत येतो. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

झाडाचे मूळ घर किती महिने कोरडे असते, हे न विचारता रोप घेणे

परदेशी फळझाड आपल्याकडे रुजत नाही असे मुळीच नाही. घोलवडच्या चिकूला आज भौगोलिक मानांकन आहे आणि तो भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. पण चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. या दोन्ही झाडांच्या मूळ प्रदेशात पावसाळा संपल्यावर काही महिने कोरडे जातात, त्यामुळे आपला ऑक्टोबर ते मे हा काळ त्यांना अनोळखी वाटला नाही. याउलट मँगोस्टीन, रामबुतान आणि ड्युरियन ही मलायाच्या सदाहरित जंगलांची लेकरे आहेत. पाऊस थांबणे म्हणजे काय, हे त्यांच्या मुळांना ठाऊकच नाही.

म्हणून रोपवाटिकेत उभे राहिल्यावर ‘हे झाड किती तापमान सोसते’ यापेक्षा ‘याच्या मूळ गावी सलग किती महिने पाऊस नसतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. मेक्सिकोच्या कांपेचे भागातले एगफ्रूट, वेस्ट इंडीज बेटांवरचे स्टार अ‍ॅपल आणि बार्बाडोस चेरी ही आपल्या हवेत तुलनेने कमी लाड मागतात. दक्षिण ब्राझीलचे जाबुतिकाबा पाण्याला हावरे असले, तरी कुंडीत उत्तम राहते, म्हणजे त्याची तहान आपल्या हातात राहते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले अबियु सिंचन चुकले नाही तर तीन-चार वर्षांत फळावर येते. रामबुतान यांच्या पुढची पायरी आहे आणि मँगोस्टीन त्याच्याही पुढची. ड्युरियनबाबत माझे स्पष्ट मत असे आहे की ठाण्यात किंवा नवी मुंबईत ते लावूच नये. जागा, पाणी आणि दहा-बारा वर्षे यांचा तो अपव्यय ठरण्याची शक्यता फार मोठी आहे.

दक्षिणेतल्या बागा पाहून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या परियारमचे मँगोस्टीन किंवा तमिळनाडूत निलगिरीच्या पायथ्याकडील कल्लार आणि बुर्लियार इथली जुनी झाडे पाहिली की वाटते, हे तर आपल्याच सह्याद्रीचे दक्षिण टोक आहे. परंतु तिथे नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून दुसरा पाऊस येतो आणि मार्च-एप्रिलमध्येही अधूनमधून सरी पडतात. केरळचा शेतकरी ‘आम्ही फारसे पाणी देत नाही’ असे सांगतो, ते त्याच्या जागी खरेच असते. ते वाक्य घेऊन कसारा घाटाच्या अलीकडे येता येत नाही.

अ‍ॅव्होकाडोत तर एकाच नावाखाली अगदी वेगळ्या प्रकृतीची झाडे विकली जातात. बाजारात दिसणारे खडबडीत सालीचे हास हे वाण कॅलिफोर्नियातले. त्याचे पेटंट १९३५ साली नोंदवले गेले. सौम्य, थंडाव्याच्या हवेत ते फुलते. वाशीच्या बाजारातून आणलेल्या हासची बी ग्लासातल्या पाण्यावर काड्या टोचून रुजवायची आणि तिचे झाड ऐरोलीच्या उन्हात लावायचे, हा उद्योग अनेक घरांत चालतो आणि त्यातून उंच, कडक, निष्फळ झाड हाती येते. समुद्रकाठच्या उष्ण हवेसाठी वेस्ट इंडियन गटातले किंवा त्याच्याशी संकर झालेले, हिरव्या गुळगुळीत सालीचे वाण कलम करून घ्यावे.

खड्ड्याची बादली होऊ देणे

माझे पहिले रामबुतान मी जूनच्या पहिल्या पावसात लावले, कारण आपल्याकडे झाडे पहिल्या पावसातच लावतात असे लहानपणापासून पाहिले होते. तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात लाल माती, शेणखत आणि निंबोळी पेंड असा सगळा थाट केला होता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाने मलूल होऊन खाली झुकली. माती ओली होती, तरी पाने पाणी कमी पडल्यासारखी दिसत होती. सोसायटीचे माळीकाका म्हणाले, “ताई, कडेला चर खोदून बघा, खड्डा भरलाय.” मी ते तेव्हा ऐकले नाही, उलट पाऊस उघडला होता म्हणून आणखी एक बादली पाणी घातले. आठवड्याभरात झाड गेले. उपटून पाहिले तर मुळांची साल हाताला लागताच मोज्यासारखी निघून येत होती, आत नुसता तपकिरी दोरा उरला होता आणि मातीला नासका वास होता.

वाशी, सानपाडा, नेरुळ, ऐरोली या खाडीलगतच्या भागांतल्या बहुतेक सोसायट्या भराव घातलेल्या जमिनीवर आहेत. खाली खाडीची चिकण गाळमाती, तिच्यावर रोलरने दाबलेला मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, आणि सर्वांत वर फूटभर आणलेली लाल माती, असा थर असतो. अशा जमिनीत खड्डा खणून तो भुसभुशीत मातीने भरला, की तो खड्डा राहत नाही, बादली होते. आजूबाजूचे पाणी त्या मऊ जागेत उतरते आणि खालून निघायला वाट नसते. ठाण्याच्या येऊरच्या पायथ्याकडच्या उताराच्या जागा किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या जुन्या वाड्यांची जमीन बरी असते, पण तिथेही मुरूम लागला की हीच गत होते.

लागवडीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे, पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. तासाला २-३ सेंटिमीटरही उतरत नसेल, तर त्या जागी खड्डा करूच नये. त्याऐवजी जमिनीच्या वर दीड ते दोन फूट उंच आणि किमान पाच-सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करून झाड त्याच्या माथ्यावर लावावे, आणि उंचवट्याचा पाया सभोवतालच्या जमिनीत थोडा खणून मिसळून घ्यावा, म्हणजे दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडत नाही. माझ्याकडे आज जी दोन रामबुतानची झाडे आहेत, ती दोन्ही अशा उंचवट्यांवर आहेत.

लागवडीची वेळही बदलावी, असे मी आता आग्रहाने सांगते. कोवळ्या, नाजूक मुळांच्या झाडाला जूनमध्ये लावले तर मुळे पसरण्यापूर्वीच जुलै त्याला गाठतो. गणपती उरकल्यावर पाऊस ओसरू लागतो, माती उबदार आणि ओली असते, आणि नवरात्र-दिवाळीपर्यंत मुळांना वाढायला दोन निवांत महिने मिळतात. पुढची कोरडी हवा पाण्याने आणि सावलीने सांभाळता येते. जुलैचे साचलेले पाणी मात्र कशानेही सांभाळता येत नाही.

साचलेल्या पाण्यात मुळे कुजवणारा जीव म्हणजे बहुधा फायटोफ्थोरा. तो बुरशीसारखा दिसतो, पण त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात, म्हणून निचरा हाच त्याच्यावरचा पहिला उपाय. कोकणातल्या बागायतदाराला हे कुटुंब परके नाही. सुपारीचा कोळे रोग याच फायटोफ्थोरामुळे होतो, आणि नारळाचा कोंब कुजवणारी फायटोफ्थोरा पाल्मिवोरा ही जात ड्युरियनचे खोडही कुजवते. अ‍ॅव्होकाडोला त्याची दुसरी जात मुळांपासून संपवते. म्हणून जे काम सुपारीच्या बागेत पावसाळ्यापूर्वी होते, ते इथेही व्हावे: मेअखेरीस खोडाला जमिनीपासून दोन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. घरगुती प्रमाणात १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवून, गार झाल्यावर प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये, आणि हे काम हातमोजे घालूनच करावे. पाने मलूल आणि माती ओली असे चित्र दिसले, तर पाणी पूर्ण बंद करावे, बुंध्यापासून हातभर अंतरावर खोल चर काढून साचलेले पाणी बाहेर सोडावे, आणि झाडाचा वरचा भार तिसऱ्या हिश्श्याने छाटून कमी करावा. लवकर लक्षात आले तर पोटॅशियम फॉस्फोनेट या औषधाचा उपयोग होतो. उशीर झाला असेल तर कशाचाच होत नाही.

याच संदर्भात रोपाच्या गोळ्याविषयी. बाहेरच्या राज्यांतून येणारी पुष्कळ रोपे घट्ट चिकणमातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. तो गोळा जसाच्या तसा हलक्या मातीत ठेवला, की पावसाळ्यात गोळा चिखल होऊन बसतो आणि उन्हाळ्यात दगड होतो. बाहेरच्या मातीला दिलेले पाणी त्यात शिरतच नाही. तो पाण्यात तासभर ठेवून कडेची माती हळूच सोडवावी. फक्त मँगोस्टीनला हे करू नये. त्याला एक लांब सोटमूळ असते, आडवी मुळे फार थोडी असतात आणि दुखावलेले मूळ तो महिनोन्‌महिने भरून काढत नाही. मँगोस्टीन घेताना उंच पिशवीतले, लहान वयाचे रोपच निवडावे आणि पिशवी कापून माती न हलवता बसवावे.

दोष उन्हाचा नसतो, कोरड्या वाऱ्याचा असतो

फेब्रुवारीत ठाण्याची हवा एकदम बदलते. रात्री अजून गार असतात, पण दुपारी पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा वाहतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो. ठाणे खाडीच्या आतल्या बाजूला असल्याने तो वारा इथे मुंबईपेक्षाही उशिरा पोचतो. ज्या दिवशी हा पूर्वेचा वारा दुपारपर्यंत टिकतो, त्या दिवशी पारा एकदम चढतो आणि आर्द्रता खाली जाते. रामबुतानची कोवळी पालवी अशा दोन-तीन दिवसांत टोकापासून करपते. आपण समजतो की ऊन जास्त झाले, म्हणून कुंडी उचलून खोलीच्या कडेला अंधारात ठेवतो, आणि तिथे झाड आणखी अशक्त होते.

पहिली दोन-तीन वर्षे मँगोस्टीन आणि रामबुतान यांना सुमारे ५० टक्के सावली लागते, यात शंका नाही. परंतु सावलीपेक्षाही वाऱ्याचा आडोसा महत्त्वाचा आहे. नारळ-सुपारीच्या जुन्या वाडीत ही झाडे अधिक सुखी राहतात, ती तिथल्या मिळालेल्या आडोशामुळे आणि झाडाखालच्या ओलाव्यामुळे. सोसायटीत असा आडोसा झाडाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला केळीची दोन-दोन खुंटे लावून सहा-आठ महिन्यांत तयार करता येतो. बुंध्याभोवती वितभर जागा मोकळी सोडून नारळाच्या सोडणांचे किंवा वाळलेल्या पानांचे चार-पाच इंच आच्छादन करावे. दुपारी पानांवर पाण्याचा फवारा मारणे हा लोकप्रिय उपाय आहे, पण कोरड्या वाऱ्यात त्याचा परिणाम काही मिनिटेच टिकतो आणि पाणी क्षारयुक्त असेल तर पानावर मिठाचा थर मात्र राहतो.

शेडनेट लावणाऱ्यांची एक चूक वारंवार दिसते: मार्चमध्ये लावलेले नेट पावसाळ्यातही तसेच राहते. आधीच ढगाळलेल्या जुलैत झाडाला निम्म्या प्रकाशावर ठेवले, की फांद्या लांबट आणि लेच्यापेच्या होतात, पाने दिवसचे दिवस वाळत नाहीत आणि त्यांच्यावर ठिपके येतात. जूनच्या मध्याला नेट उतरवावे आणि दिवाळीनंतर पुन्हा चढवावे.

उंच इमारतींच्या गॅलऱ्यांविषयी थोडे. घोडबंदर रस्त्यावर चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने पश्चिमेच्या गॅलरीत रामबुतान ठेवले होते. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतणारे ऊन, तापलेली भिंत आणि अखंड वारा यांत ते एक उन्हाळाही टिकले नाही. त्याच जागी तिची बार्बाडोस चेरी वर्षातून तीन-चार वेळा फळते. कुंडी थेट तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवावी, कारण मुळे पानांपेक्षा लवकर भाजतात.

पाणी गोड आहे की खारे, हे न तपासणे

नवी मुंबईला मोरबे धरणाचे पाणी मिळते आणि ते या झाडांसाठी उत्तम आहे. अडचण अशी की सोसायटीच्या बागेला अनेकदा हे पाणी दिलेच जात नाही. उन्हाळ्यात बागेचा नळ कूपनलिकेला, टँकरच्या टाकीला किंवा इमारतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जोडलेला असतो. खाडीजवळच्या कूपनलिकेत मीठ असते आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही साबणातून आलेले सोडियम उरते. जास्वंद आणि कडुनिंब ते पचवतात, अ‍ॅव्होकाडो आणि रामबुतान पचवत नाहीत.

याची खूण अगदी स्पष्ट असते. जुन्या पानांच्या टोकापासून तपकिरी करपणे सुरू होते, ते कडेकडेने आत येते, आणि करपलेला भाग व हिरवा भाग यांच्यात नेमकी रेघ दिसते. हे फेब्रुवारीपासून वाढत मेमध्ये शिगेला जाते आणि जुलैत आलेली नवी पालवी मात्र निर्मळ असते, कारण पावसाने मातीतले मीठ धुऊन नेलेले असते. दर वर्षी हेच चक्र दिसत असेल, तर रोग शोधू नये, पाणी तपासावे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याचे छोटे यंत्र आता अनेक घरांत पाण्याच्या फिल्टरसाठी असतेच. या झाडांना ३०० च्या आतले पाणी द्यावे आणि ५०० च्या वरचे देऊच नये, असा नियम मी स्वतःसाठी केला आहे. फिल्टरमधून टाकून दिले जाणारे पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून कुंड्यांना घालणारे अनेक जण आहेत. त्या पाण्यात फिल्टरने काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात, म्हणून ते लादी पुसायला वापरावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते आणि उन्हाळ्यात कुंडीतल्या जाबुतिकाबाला ते फार मानवते.

मीठ साचल्याची शंका आली, तर कुंडीच्या आकाराच्या दुप्पट-तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्यावे आणि पुढचा महिनाभर कोणतेही खत देऊ नये. करपलेली पाने पाहून खत देणे ही इथली सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे, कारण रासायनिक खत हेही शेवटी मीठच असते. कोकोपीट वापरणाऱ्यांनी तो वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून पिळून घ्यावा, त्यातही मीठ असते.

पिवळ्या पानाला एकच औषध देणे

पान पिवळे पडले की ‘काहीतरी टॉनिक’ मारण्याची सवय सोडावी आणि आधी कोणते पान पिवळे झाले ते पाहावे. खालची जुनी पाने सरसकट फिकी पडत असतील, तर नत्राची कमतरता असते. जुन्याच पानांत शिरांजवळचा भाग हिरवा राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियम कमी असते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या दिसत असतील, तर लोह मिळत नसते, आणि आपल्याकडे जाबुतिकाबा व मिरॅकल फ्रूट यांच्यावर सर्वांत जास्त दिसणारी तक्रार हीच आहे.

या दोन्ही झाडांना आम्ल माती लागते. मिरॅकल फ्रूट पश्चिम आफ्रिकेतले असून त्याला साडेचार ते सहाच्या दरम्यानचा सामू (पीएच) मानवतो. सोसायटीच्या मातीत मात्र सिमेंट, प्लास्टर आणि चुन्याचे तुकडे मिसळलेले असतात, त्यामुळे सामू आठाकडे सरकतो. मातीत लोह भरपूर असूनही मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकला, तर तोही चुन्याशी बांधला जाऊन निरुपयोगी होतो. ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह अशा मातीत टिकते, म्हणून डबीवर ते अक्षर पाहूनच घ्यावे. आणि खरा उपाय म्हणजे राडारोडा नसलेली जांभ्याची लाल माती, धुतलेला कोकोपीट आणि पानखत यांत झाड पुन्हा लावणे.

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात रात्रीचे तापमान पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. २० अंशांखाली मँगोस्टीनची वाढ मंदावते, झाड जागच्या जागी थांबते. हा आजार नव्हे. त्या काळात ‘वाढत नाही’ म्हणून दिलेले खत मुळांजवळ पडून राहते आणि फेब्रुवारीच्या कोरड्या वाऱ्यात तेच मीठ होऊन झाडाला बाधते. शेवटचे खत ऑक्टोबरमध्ये द्यावे आणि नंतर थेट पालवीच्या हालचाली पाहून मार्चमध्ये, तेही थोडे आणि ओल्या मातीत.

बी आणि कलम यांत गल्लत

मँगोस्टीनच्या बीतून मातेसारखेच झाड येते, कारण त्याची बी परागीभवनाशिवाय मातेच्याच पेशींपासून बनते. रामबुतानचे तसे नाही. त्याच्या बीपासून आलेल्या झाडांत अनेक नर निघतात. कोकमाच्या रोपांत जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात हे कोकणात सर्वांना माहीत आहे, आणि म्हणूनच तिथे आता कलमे लावतात. हाच न्याय रामबुतानला लावावा, नाहीतर आठ वर्षांनी सुगंधी फुलोरा मिळेल, फळ मिळणार नाही. या दोन्ही फळांच्या बिया वाळल्या की काही दिवसांत मरतात आणि शीतगृहातही टिकत नाहीत. थायलंडहून शीतपेटीत आलेल्या फळांच्या बिया रुजत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच.

कलमाच्या सांध्याखालून निघालेला कोंब सर्वांत जोमदार असतो आणि ‘बघा, किती छान फुटले’ म्हणून तोच जपला जातो. तो ज्यावर कलम बांधले त्या खुंटाचा असतो, कलमाचा नव्हे. तो लहान असतानाच हाताने मोडावा, आणि आच्छादनाचा ढीग सांध्यापर्यंत कधीही चढू देऊ नये.

फुलण्याच्या वेळी पुन्हा पाणी देत राहणे

इथे नियम उलटतो आणि म्हणूनच अनुभवी माणसेही चुकतात. लहान झाडाला एक दिवसही तहानलेले ठेवू नये. पण सहा-सात वर्षांचे रामबुतान किंवा त्याहून मोठे मँगोस्टीन फुलण्यासाठी तीन-चार आठवड्यांचा कोरडा ताण मागते. आपला कोरडा काळ, जो आतापर्यंत शत्रू होता, तो इथे कामाला येतो. पाऊस गेल्यावर पाणी हळूहळू कमी करत नोव्हेंबरअखेरीस सुमारे तीन आठवडे थांबवावे, पाने दुपारी किंचित मलूल दिसू लागली की पुन्हा भरपूर पाणी द्यावे, आणि कळ्या दिसल्यापासून फळ धरेपर्यंत ते अजिबात चुकवू नये. ताण लांबला आणि फेब्रुवारीचा वारा सुरू झाला, तर कळ्या झडतात. आमच्या एका रामबुतानला पहिल्या फुलोऱ्यात अकरा फळे धरली, ती अशाच बेताने. जाबुतिकाबाला हा ताण देऊ नये. भरपूर पाण्यावर ते वर्षातून अनेकदा खोडावर फुलते.

अ‍ॅव्होकाडोची गोष्ट निराळी. त्याच्या फुलांचे दोन गट असतात: एका गटाची फुले सकाळी मादी म्हणून उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून, दुसऱ्या गटात हे उलट घडते. दोन्ही गटांचे एकेक झाड जवळ असेल तर फळधारणा सुधारते. शेजारच्या सोसायटीशी बोलून वाटणी केली, तरी चालते.

किडींबाबत फारसे वेगळे सांगण्यासारखे नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली की आधी मुंग्यांची वाट बुंध्याशी चिकट पट्टी बांधून तोडावी, मग निंबोळी अर्क फवारावा. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात. त्या टॉर्च घेऊन उचलून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, झाडाभोवती मीठ मात्र टाकू नये.

झाड मेले असे ठरवण्याची घाई

एप्रिलमध्ये सगळी पाने गळालेले झाड उपटण्यापूर्वी खोडाची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आतला भाग हिरवा आणि ओलसर असेल, तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा असेल तर चार बोटे खाली येऊन पुन्हा पाहावे. हिरवा भाग जिथे लागेल तिथवर वाळलेला शेंडा कापावा, कापावर बोर्डो पेस्ट लावावी, झाडावर सावली धरावी आणि माती फक्त ओलसर राहील एवढेच पाणी द्यावे, कारण पाने नसलेले झाड पाणी ओढत नाही आणि जास्तीचे पाणी मुळे कुजवते. खत देऊ नये. रामबुतान बहुधा जुलैपर्यंत फुटते. मँगोस्टीन मात्र एक संपूर्ण पावसाळा नुसते काठीसारखे उभे राहून दसऱ्याच्या सुमारास बुंध्यातून तांबूस कोंब काढते, म्हणून त्याची जागा तोपर्यंत दुसऱ्या कोणाला देऊ नये.